निर्व्यसनी संक्या आणि पाचवं शील

गेल्या वर्षी इथे मी लिहिलं होतं, "संकेत निर्व्यसनी होता."

साफ चूक. संक्या गांजा ओढायचा.

श्रद्धांजलीत सगळेच निर्व्यसनी असतात, म्हणून माझ्याकडूनही तसं लिहिलं गेलं. खाली मित्रांच्या कमेंट आल्या, "हा कोण संकेत? आपला नव्हे!"

दुरुस्तीआधी त्याच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. वास मला येत व्हता, तुला न्हाय."

संक्या दिघीचा, मी आगरदांड्याची. रविवारी फेरीबोटीने तो इकडे यायचा. जेट्टीवर आमचा ग्रुप जमायचा. कोणी गे, कोणी ट्रान्स, मी लेस्बियन. गांजा बाळगणं गुन्हा असावा का, यावर भांडणं ठरलेली.

"कलम ३७७ मधून सुटलो," संक्या म्हणायचा. "यातून सुटलो की पेढे वाटतो."

"मग ओढणंच सोड ना!"

"मास्तरीणबाई, तुम्हाला पाचवं शील हाय. मला काय हाय?"

शाळेआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. पहिला धडा पंचशील. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. मी खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून घेते.

एकदा मात्र तो गंभीर झाला.

"पोलिसानं पुडी पकडली तर घरी फोन जातो. मग मोबाईल उघडतात, आपण कोण तेही घरी कळतं. माझ्या घरी माहीत हाय. ज्याच्या घरी माहीत न्हाय त्याचं काय?"

माझ्या घरी माहीत नव्हतं. मी ओढत नाही, तरी तिथेच मोबाईलचा पासवर्ड बदलला.

घरी जाऊन बाबांना विचारलं, गांजा बाळगणं गुन्हा असावा का. दारूची बाटली दिसली तर लग्नातून उठून येणारे माझे बाबा! वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "शील आपण स्वतः घेतो, बाळा. पोलिसाच्या भीतीने पाळलं तर ते शील कसलं? पोरांना समजवायचं. तुरुंगात कशाला टाकायचं?"

हे ऐकून संक्या जेट्टीवर माशांच्या टोपल्यांमधून नाचला.

"काय रं, लगीन ठरलं काय?" कोळीणमावशी ओरडली.

"व्हय मावशी! पाचव्याशी!"

मग हळूच माझ्या कानात म्हणाला, "आता तिसऱ्याचं विचार."

तिसरं शील, लैंगिक गैरवर्तनापासून दूर राहण्याचं. मुलीवर प्रेम करणं त्यात येतं का, ही माझी किती वर्षांची भीती. ती फक्त त्याला माहीत होती.

"विचारते," मी म्हणाले. पुढे त्याला कावीळ झाली, आणि गेल्या वर्षी आजच्याच दिवशी तो गेला. माझं विचारणं राहून गेलं.

संक्या, मी अजूनही ओढत नाही. भांडते मात्र तुझ्या बाजूने. पेढे उधार राहिले तुझे.

जय भीम, दोस्ता.

(पोस्ट फक्त मित्रांसाठी आहे. प्लीज शेअर करू नका, निदान अजून थोडे दिवस.)

येत्या बुद्ध पौर्णिमेला, वंदना झाली आणि खीर वाटून झाली की, मी बाबांना तिसऱ्याचं विचारणार आहे.