कुटारातला स्फटिक

चिखलीच्या एका कॉलेजात पुष्पांजली चौदा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास सुरू असेतो ती प्राध्यापक, घंटा वाजली की कोणी नाही. उंद्रीहून एसटीने यायची आणि कधी कधी पिशवीत डब्याशेजारी गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणायची. शिपाईसुद्धा हसायचे, "मॅडम, गाय कुठी बांधली?"

कुटार लागायचं अँथ्रासीनसाठी. हा दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारा पांढरा पदार्थ, डांबरगोळीचा भाऊबंदच. त्याचा निर्मळ स्फटिक करून त्यावर लाल लेझर सोडला, तर आतून पुसट निळा उजेड निघतो. लाल प्रकाश कमी ताकदीचा, निळा जास्त. मग वरची ताकद येते कुठून? लाल प्रकाशाने स्फटिकातले थोडे रेणू चेततात, पण अशा आडनिड्या अवस्थेत, की त्यांना उजेड टाकून मोकळंही होता येत नाही. या अवस्थेला ट्रिपलेट म्हणतात. अडकलेली ती ऊर्जा या रेणूवरून त्या रेणूवर भटकत राहते. वाटेत मळ लागला तर फुकट जाते. पण तशाच दोन अवस्था शेजारी आल्या, तर एक रेणू आपलं सगळं दुसऱ्याला देतो. देणारा विझतो, घेणारा निळा उजळतो.

मळ नको, भेग नको, म्हणून गरम द्रावण फार सावकाश निवावं लागतं. कॉलेजकडे तसं यंत्र नव्हतं आणि विजेचा भरवसा नव्हता. पुष्पांजलीची आई उन्हाळ्यात कुटारात आंबे पिकायला घालायची, तेव्हा आत हात घातला की ऊब लागायची. लेकीने तेच केलं. लाकडी पेटीत कुटार दाबून भरलं, मधोमध गरम पाण्याचा डबा आणि त्यात द्रावणाची नळी ठेवली. तीन वर्षं भेगाच हाती आल्या. चौथ्या वर्षी नखाएवढा, पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक निघाला. लेझरची आणि मोजमापाची बाजू सहदेवने सांभाळली. तोही तिच्यासारखाच तासिकावाला. निळा उजेड पहिल्यांदा दिसला तेव्हा दोघंही लहान पोरांसारखे ओरडले होते.

मग कॉलेजात एक कायम जागा निघाली. एकच.

"पुष्पा, तुह्या घरचा माणूस कमावते," सहदेव म्हणाला. "माह्या मागं कोण आहे? आपल्या या शोधाच्या पेपरवर माह्या एकट्याचं नाव असलं तं माही जागा पक्की. मी लागलो की पहिले तुह्यासाठी भांडतो, आईची आन."

"हाव, टाक एकट्याचं," ती म्हणाली.

इथेच तिचं चुकलं. पुरुषाची कमाई ही गरज आणि बाईची वरकड, हे आपल्याकडचं शहाणपण तिच्याही हाडीमाशी मुरलेलं होतं. पेपरमधून तिचं नाव गेलं आणि कुटाराच्या पेटीची 'नियंत्रित तापमानाची पेटी' झाली. सहदेव लागला. 'पुष्पा'ची 'मॅडम' झाली. दोन वर्षं ती आठवण करून देत राहिली आणि तो म्हणत राहिला, "पाहतो ना मॅडम, वरूनच फाईल हालत नाही." गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

तपासणी समिती आली, तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. सहदेव नव्या कोटात होता.

"मॅडम, लाईट बंद करा."

तिने बटण दाबलं. डोळे अंधाराला सरावले, तसा निळा उजेड दिसू लागला. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "जो रेणू आपली ऊर्जा देतो, त्याचं पुढे काय होतं?"

"काही नाही," सहदेव सहज म्हणाला. "तो मूळ जागी येतो. पुन्हा वापरता येतो."

चौदा वर्षांत आला नव्हता एवढा संताप पुष्पांजलीला तेव्हा आला. तिने खटकन लाईट लावला.

"काऊन लावला बे लाईट?" कोट विसरून सहदेव ओरडला.

तिने टेबलाखालची पेटी ओढली आणि समितीपुढे उपडी केली. "ही त्याची नियंत्रित तापमानाची पेटी. कुटार माह्या गोठ्यातलं आहे, अन् स्फटिक माह्या हातचा."

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, बुटावरचं कुटार झटकलं आणि ते पुढच्या विभागाकडे निघाले. त्या वयस्कर बाई दारात क्षणभर थांबल्या, मग त्याही गेल्या. सहदेवने शिपायाला झाडू आणायला सांगितलं.

जूनच्या वेळापत्रकात पुष्पांजलीचं नाव नव्हतं. स्फटिक मात्र सहदेवच्या कपाटात शाबूत आहे. पाहुणे आले की त्यावर लाल लेझर पडतो आणि तो निळा उजळतो. लाईट बंद करायला आता दुसरी मॅडम आहे, तीही तासिका तत्त्वावर.