मेमरीतली डिस्क आणि तिचा फोटो

मुकुंदवाडीत आमचं फोटो-झेरॉक्सचं दुकान. मी चौथी शिकलेला, लॅमिनेशन मारायचो. कॉम्प्युटर बायको चालवायची. मशीन इतकं जुनं की पासपोर्ट फोटो उघडेस्तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं.

बायकोचा भाचा चितेगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर बघतो. त्यानं मेमरी वाढवली आणि त्या मेमरीचाच एक तुकडा काढून त्याची डिस्क बनवून दिली. मग फोटो बटण दाबलं की हजर.

"काका, ही डिस्क म्हंजी पाटी हाय. लाइट गेली की साफ. रोज सांजच्याला सगळं खऱ्या डिस्कवर उतरवायचं."

"त्यायला नको सांगू, मला सांग," बायको म्हणाली. "त्यायला टीव्हीचा रिमोट जमंना."

ती रोज न चुकता उतरवायची. मी शटर धरून घाई करायचो.

साऱ्या वस्तीचे फोटो काढले, तिचा एक धड नव्हता. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी ती स्वतःच स्टुलावर बसली. "काढा एक. परत येईस्तोवर थोबाड असं ऱ्हाणार नाय." कॅमेरा कॉम्प्युटरलाच जोडलेला, फोटो थेट त्या मेमरीतल्या डिस्कवर पडायचा. बटण मी दाबलं. लई चांगला आला, हसत होती. परत आल्यावर प्रिंट काढू म्हणाली, तेवढ्यात तिला दम लागला. रिक्षा दारात उभी होती. मी मेन स्विच पाडला, शटर ओढलं.

रिक्षात तिनं विचारलं, "फोटो उतरवला का?"

"व्हय," मी म्हणालो. नव्हता उतरवला. माघारी फिरवील म्हणून म्हणालो.

चौथ्या दिवशी गेली.

जलदान विधीला भंतेजी म्हणाले, फोटो मांडा. मी दुकान उघडून मशीन लावलं. डिस्क दिसत होती, आत काहीच नाय. भाच्यानं तासभर खटपट केली. "खऱ्या डिस्कवरचं पुसलं असतं तर कदाचित निघालं असतं, काका. मेमरीतलं नाय निघत."

शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून मांडला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड सुजल्यावानी. तिची बहीण मला तोंडावर म्हणाली, "दाजी, ही कोण?"

भाचा म्हणाला, "काढून टाकू का ती डिस्क?"

"ऱ्हाऊ दे. तिनं काय केलं?"

दवाखान्यात चारही दिवस बायको शुद्धीत होती. जेवलात का विचारायची, दुकान उघडलं का विचारायची. फोटोचं परत विचारलं नाय. मी व्हय म्हणालो होतो ना.