माने सरांच्या कपाटाला पॉलिश नको

गेल्या रविवारी सकाळी साडेअकरा वाजता गौरव समितीचे कार्यवाह बाळासाहेब यांनी माझी होडी मला परत केली आणि ती मला ओळखू आली नाही. सरांच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला कळते. पण डॉ. सुधाकर माने सरांशी माझी ओळख या होडीमुळेच झाली.

होडी हातभर लांब, भूर्जाच्या सालीची. मी शिकवत होते त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मायदेशी, कॅनडाला परतताना ती मला दिली. तिकडे या अरुंद होड्यांना कॅनू म्हणतात. ही त्यांची छोटी प्रतिकृती. निवृत्त झाल्यावर तिचे मोल विचारायला मी सरांच्या निगडीच्या घरी गेले. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या कॅनूंच्या प्रतिकृती पारखणे हा त्यांचा आयुष्यभराचा नाद.

सरांनी चष्मा काढून होडी नाकाशी धरली. सालीची पांढरी बाजू आत होती. पाण्यात होड्या घालणारे कारागीर ती आतच ठेवतात; पर्यटकांना विकायची असेल तर शोभेसाठी बाहेर काढतात. शिवण दोऱ्याची नव्हती, झाडाच्या मुळांची होती आणि तिच्यावर काळी राळ होती.

"हा काळेपणा पुसू नका," सर म्हणाले. "तिची साक्ष तेवढीच आहे."

सरांचा सौजन्यावर जितका विश्वास, तितकाच सत्यावर. हिंजवडीच्या एका साहेबांनी महागाची होडी आणून तिला 'प्राचीन' म्हणा, असा आग्रह धरला. सरांनी त्यांना आतला आजकालचा गोंद दाखवला, चहा पाजला आणि घरातल्या लेकरांना ती खेळायला द्यावी, असे सुचवले. साहेब रागावून गेले. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हेच सर रोज एक होडी घेऊन दवाखान्यात येत आणि ती खरी की खोटी हे मला ओळखायला लावत. मी बहुधा चुकत असे. ते कधी हसले नाहीत.

सत्काराच्या मंचावर मांडायला म्हणून बाळासाहेबांनी माझी होडी नेली होती. त्यांच्या भाच्याचे चाकणला गाड्यांचे पेंटशॉप आहे. तिथे राळ खरवडून वर लॅकर मारला गेला.

"मॅडम, लई काळं पडलं हुतं," बाळासाहेब म्हणाले. "आता बघा, शोरूममधल्या गाडीगत दिसतंय. डबल कोट हाय."

मी तशीच होडी घेऊन सरांकडे गेले. खोटा दिलासा मिळाला असता तर मी तो घेतला असता. सरांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"बाई, किंमत गेली," ते म्हणाले. "होडी आहे अजून."

मग त्यांनी सहज सांगितले की त्यांच्या कपाटातल्या सगळ्या होड्याही येत्या सोमवारी लॅकर मारायला चाकणला जाणार आहेत. समितीची भेट म्हणून. टेम्पो ठरला आहे. तुम्ही नाही म्हणाला नाहीत का, असे मी विचारले. "इतक्या प्रेमाने करताहेत," सर म्हणाले आणि कपाटाकडे पाहत राहिले.

सरांना नाही म्हणता येत नाही. मला येते.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि त्यांच्या होड्यांना त्यांचा काळेपणा. टेम्पो रद्द झाल्याचे समितीने मला शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. न कळवल्यास सोमवारी सकाळी मी खुर्ची घेऊन सरांच्या कपाटासमोर बसलेली असेन.