सतरा नंबरवाला

इंद्रपुरीहून सुटणाऱ्या बसमध्ये तो प्रोग्रामर रोज माझ्या शेजारी बसायचा, मांडीवर लॅपटॉप घेऊन. एरर मेसेजमध्ये मेथडचं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याचं, नाव तो कधी हाताने लिहीत नसे. "कोड कॉपी केला की जुनंच नाव राहून जातं, मग चूक भलतीकडेच शोधत बसतो," डोळे चोळत तो म्हणाला. "म्हणून चालू मेथडलाच विचारायचं, तू कोण?"

एकदा पुढच्या सीटवरच्या काकांनी वळून विचारलं, "कौन से क्वार्टर के हो, बेटा?" आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ओळख क्वार्टरवरून, म्हणजे कंपनीने दिलेल्या घराच्या नंबरावरूनच.

"सत्रह नंबर," तो पटकन म्हणाला. मग लॅपटॉप मिटून मला म्हणाला, "बाबा रिटायर झाले तेव्हाच सुटलं ते क्वार्टर."

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घरी त्याचा विषय निघाला की मी अजूनही म्हणतो, सतरा नंबरवाला.