शटरच्या मापाची गाडी

कारखान्यात तिला सगळे पत्रेवाली म्हणायचे. तेवीस वर्षं ती बसच्या सांगाड्यांवर पत्रा चढवत होती. बस म्हणजे चाकांवरची पेटी. सरळ बाजू, सरळ छप्पर, कोपऱ्यांना जराशी गोलाई, आणि तीही साच्यातून आयती आलेली. पत्रेवालीच्या हातांना याहून पुष्कळ जास्त येत होतं, पण ते कारखान्याला लागत नव्हतं.

एकदा मालकांच्या कुणा स्नेह्याची लाल स्पोर्ट्स कार कारखान्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. पुढच्या चाकावरचा पत्रा चेपला होता. पत्रेवालीने वाकून पाहिलं, त्यावर तळहात फिरवला आणि म्हणाली, "दोन तासांचं काम."

फोरमन धावतच आला. "बाई, हात लावू नका! ही काय बस आहे? हिला कारागीर लागतो, कारागीर!"

कारागीर बाहेरून आला. त्याने चार ठोके घातले, वर बोटभर पुट्टी थापली, रंग मारला आणि निघून गेला. सगळे वाहवा करत होते. पत्रेवाली बाजूला उभी राहून तिरकं पाहत होती. त्या चकचकीत लाल रंगाखाली पत्र्याला लाट आली होती. कुणालाच दिसली नाही, आणि तिला सांगावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मी एक गाडी बनवणार आहे."

नवरा शिंपी. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, तीही म्हणायची. मास्तर कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होते. "कसली गाडी?"

"कारखान्यात एक स्पोर्ट्स कार आली होती, त्या जातीची. पण पुट्टी न लावता."

मास्तरांनी दोरा दातांनी तोडला. "कुठे बनवणार?"

"बाहेरच्या खोलीत."

"मग सोफा कुठे हलवायचा ते आधी ठरव," मास्तर म्हणाले. परवानगी मागायची नव्हतीच, त्यामुळे द्यायचाही प्रश्न आला नाही.

बाहेरच्या खोलीत कधीकाळी दुकान होतं. रस्त्याच्या बाजूला त्याचं जुनं शटर होतं. पत्रेवालीने सगळ्यात आधी त्या शटरचं माप घेतलं, एकशे अडुसष्ट सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडली. उरली ती गाडीची रुंदी. घरात गाडी बनवून मग भिंत फोडणाऱ्यांतली ती नव्हती.

जमिनीवर खडूने गाडी काढली. मास्तरांना त्या खडूच्या रेघांत पाय लांब करून बसवलं, त्यांचे गुडघे कुठे येतात, कोपर कुठे लागतं ते पाहिलं. चौकोनी पाइप कापून सांगाडा जोडला. भंगारात गेलेल्या एका गाडीचं इंजिन, गिअर, चाकं आणि ब्रेक आणले. सांगाडा उभा राहायला पावणेदोन वर्षं गेली. कामाची पाळी सकाळची, म्हणून घरचं काम दुपारनंतर.

थोरली नणंद महिन्या-दोन महिन्यांनी यायची. सोफा आतल्या खोलीत पलंगाला चिकटून उभा पाहिला की तिचा पारा चढायचा. "अगं, या वयात हे काय खूळ? बायका घर सजवतात, तू घराचं गॅरेज केलंस! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात आवाज फार होतो, वन्सं. म्हणून चार ते सहाच ठोकते. बाकी काही म्हणत असतील तर मला ऐकू येत नाही, हातोडी चालू असते."

"आणि तुला रे काही वाटत नाही?" नणंद भावाकडे वळली.

"वाटतं ना," मास्तर म्हणाले. "सीटचं कापड काळं घ्यावं की तपकिरी, तेच ठरत नाही."

खरं घोडं अडलं ते गाडीच्या नाकावर. अंगासाठी तिने अॅल्युमिनियम घेतलं होतं, वजनाला हलकं म्हणून. पण तिचा हात लोखंडावर तयार झालेला. मास्तरांनी जाड चामड्याची पिशवी शिवून दिली, तिने तीत वाळू भरली, त्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकायला घेतलं. तीन आठवडे ठोकून नाकाला छान गोलाई आली, आणि अगदी शेवटच्या दिवशी मधोमध चर्रकन फाटलं. दुसरं केलं, ते काठावर फाटलं. तिसरं फाटलं तेव्हा तिने हातोडी खाली ठेवली आणि तीन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

नणंदेने ते बरोबर हेरलं. "झालं समाधान? आपल्याला जे येत नाही..."

"येत नाही म्हणूनच तर शिकतेय," पत्रेवाली म्हणाली आणि तडक उठून खोलीत गेली. मनातून तिला धाकधूक होतीच. फोरमनच खरा असला तर? पण तो विचार पुरा व्हायच्या आत तिला राग आला, आणि रागात तिचं डोकं फार चांगलं चालायचं.

दुसऱ्या दिवशी ती एका म्हाताऱ्या भांडी घडवणाऱ्याकडे गेली. त्याने फाटलेल्या नाकाचा तुकडा हातात घेतला, वाकवला आणि हसला. "ठोकून ठोकून कडक झालाय हा. लोखंड कुरकुर करतं, हा गप्प बसतो आणि फाटतो. मधे मधे तापवा याला, मऊ होईल."

"किती तापवायचा? हा तर लाल न होताच वितळतो."

"अंगाचा साबण चोळा. साबण काळा पडला की आग बंद."

एवढीच ती विद्या. साबण चोळायचा, काळा होईपर्यंत तापवायचा, गार करायचा, ठोकायचा, पुन्हा साबण. चौथं नाक फाटलं नाही. पत्रेवालीने डोळे मिटून त्यावर तळहात फिरवला. कुठेही लाट नव्हती.

सव्वाचार वर्षांनी गाडी शटरमधून बाहेर आली, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राखून. रंग दिलाच नव्हता. नुसता घासलेला पत्रा. झाकायचं काही नव्हतं तिला.

आता राहिली नोंदणी. गाडी टेम्पोवर चढवून नवराबायको कचेरीत गेले. तपासनिसाने अर्ज वाचला आणि बोट ठेवलं. "उत्पादक या रकान्यात तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंय."

"मीच बनवली."

"उत्पादक म्हणजे कंपनी हो, बाई." त्याने मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा साहेब, कोणी बनवली?"

"मी सीटची कव्हरं शिवली," मास्तर म्हणाले. "ती कशी झालीत तेवढं मला विचारा."

तपासनीस हसला नाही. "कंपनीचं पत्र आणा. घरी बनवलेल्या गाडीची नोंद होत नसते."

पत्रेवालीने पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून त्याच्यापुढे उघडलं. "होते. पान त्रेसष्ट. तपासणी करून होते. नाकारायची असेल तर खुशाल नाकारा, पण कारण लिहून सही करून द्या."

तपासनिसाने ते पान वाचून पुस्तक मिटलं. कारण लिहायला नियम आड येत होता आणि गाडी तपासणीला घ्यायला मन. "उद्या या," तो म्हणाला.

"आम्ही येऊच. गाडी इथेच राहील."

टेम्पो रिकामा परत गेला. गाडी तपासनिसाच्या खिडकीसमोर उभी राहिली. पत्रेवालीने रजा टाकली आणि रोज कचेरी उघडायच्या वेळी येऊन बाकावर बसू लागली. कामासाठी आलेले लोक गाडीभोवती जमायचे. "कुठली हो ही? बाहेरची का?" ती प्रत्येकाला सांगायची, खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात, "घरची. साहेब कारण लिहून देताहेत, त्याची वाट बघतेय." तिसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस स्वतःच बाहेर आला आणि म्हणाला, "आणा ती तपासणीला."

त्याने सांगाड्याचा जोड न् जोड पाहिला. काही सापडलं नाही. मग गाडी ब्रेकच्या यंत्रावर चढवली. आकडे पाहून तो थांबला, पुन्हा एकदा घेतले. "मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात. जोरात ब्रेक मारलात तर गाडी गर्रकन फिरेल. नापास."

पत्रेवालीची कानशिलं तापली. मुद्दाम केलं, असंच तिला आधी वाटलं. तिने आकडे स्वतः वाचले, आणि तिच्या लक्षात आलं. ब्रेक ज्या गाडीचे होते ती पाच माणसांची, जड. हिच्या मागच्या अंगात वजनच नव्हतं. माणसाचं बोलणं कितीही वाकडं असो, यंत्र खरं बोलत होतं. मास्तर शेजारी बसणार होते त्या गाडीत.

"लिहून द्या," ती म्हणाली.

"अहो, लिहून देतोच आहे!"

"हे कारण मला मान्य आहे. कंपनीचं नव्हतं."

एकोणीस दिवसांत तिने मागच्या चाकांच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, मोकळ्या मैदानात गाडी पळवून वीस-वीसदा ब्रेक मारले, आणि पुन्हा टेम्पो बोलावला. या वेळी आकडे जागेवर आले. तपासनिसाने अर्ज पुढे ओढला, उत्पादकाच्या रकान्यावर पेन टेकवून क्षणभर थांबला, आणि तिचं नाव जसंच्या तसं उतरवलं. "एक विचारू?" तो म्हणाला. "पुढचा भाग कोणत्या साच्यातून काढलात?"

तिने दोन्ही तळहात त्याच्यापुढे धरले.

घरी ती गाडी चालवतच आली. गाडीला छप्पर नव्हतं. निम्म्या वाटेवर पावसाची सर आली तेव्हा मास्तरांनी छत्री उघडली आणि ती त्याच क्षणी उलटी झाली. "हळू चालव!" ते ओरडले.

"स्पोर्ट्स कार आहे ही, मास्तर! डोकं खाली घाला!"

नणंद अजूनही म्हणते की दोन माणसांच्या, बिनछपराच्या गाडीचा संसाराला काडीचा उपयोग नाही. ते खरंच आहे. पत्रेवाली तिला एकदाही नाही म्हणालेली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती शटर वर करते, अंगावर जुना कोट चढवते आणि शहराबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागते. सोफा आतल्या खोलीतच आहे.