ट्रॉलीवरचा मिशीवाला

मी एका चोराला तीस वर्षं नायक समजत होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्याचं चित्र काढून मित्राच्या उसाच्या ट्रॉलीवर रंगवून घेतलं.

झालं असं. पंचेचाळीस साली मोठी लढाई संपल्यावर माझा चुलता पलटणीतून रजेवर आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत रंगीत चित्रांच्या पाच-सहा इंग्रजी पुस्तिका होत्या. गोऱ्या शिपायांनी वाचून टाकलेल्या. काहींची कव्हरं गेलेली, काहींची शेवटची पानं. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चौथीत होतो. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार? गुऱ्हाळामागं चिपाडाच्या ढिगावर बसून मी पोरांना त्या पुस्तिका खुशाल ‘वाचून’ दाखवायचो. हा मित्र सगळ्यांत पुढं, तोंड उघडं टाकून.

एका गोष्टीत दोन माणसं होती. एकाला पीळदार मिशी, घोट्यापर्यंत हिरवा झगा, खांद्यावर पोतं. दुसरा सफाचट; अंगाला चिकटलेली पिवळी विजार आणि विजारीच्या वरून जांभळी चड्डी. आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात यातला चांगला माणूस कोण ठरणार? ज्याला आधी काय घालायचं आणि नंतर काय, हेच कळत नाही, तो जगाचं रक्षण काय करणार! मी निकाल देऊन टाकला. मिशीवाला पोत्यातून गरिबांना धान्य वाटतो आणि तो चड्डीवाला येडा उगाच त्याच्या मागं लागतो. शेवटची पानं नव्हतीच, तेव्हा शेवट माझा: मिशीवाला त्याला ओढ्यात तीनदा बुचकळून काढतो. हा शेवट पोरं पुन्हापुन्हा मागून घ्यायची.

पुढं मी सांगलीच्या एका शाळेत मास्तर झालो. विषय इंग्रजी. हसू नका. मास्तरकीमुळं माझ्या शब्दाला वजन आलं, सोयरिकी जुळवताना लोक मला पुढं घालू लागले आणि माणूस पारखावा तर आपणच, असा माझा समज झाला. या मित्राचं लग्नही मीच जमवलं.

सत्तर सालाच्या पुढं त्यानं ट्रॅक्टर घेतला, मागं ट्रॉली आली. साखर कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नाही, तिथं ट्रॉली ओळखली जाते ती मागच्या फळीवरच्या चित्रावरून. कुणाचा वाघ, कुणाची कमळं, कुणाचा जवान. मित्र म्हणाला, “मास्तर, आपला मिशीवाला काढ रं.” मी आठवून आठवून कागदावर चित्र काढलं, पेंटरनं ते फळीवर उतरवलं. पहिल्याच हंगामात ‘मिशीवाल्याची ट्रॉली’ वजनकाट्यावरच्या माणसापर्यंत माहीत झाली. मित्राची मान ताठ, आणि माझी त्याच्याहून.

मग एका दुपारी सांगलीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड ग्रंथ हाती लागला. त्याच जुन्या गोष्टी, एकत्र करून नव्यानं छापलेल्या. कव्हरं शाबूत, शेवटची पानंसुद्धा! एसटी स्टँडच्या बाकावर बसून वाचायला लागलो आणि दोन गाड्या चुकवल्या. तीच कोसळणारी भिंत, तेच हवेत उडालेले माणसांचे बूट, तेच ढगाएवढे स्फोट. चाळिशीतला मास्तर मी, पण पाय बाकाखाली हलत होते.

आणि मिशीवाला आला. या खेपेला मला वाचता येत होतं, हाच घोळ झाला. त्याच्या पोत्यात बँक फोडून आणलेल्या नोटा होत्या आणि शहराच्या पाण्यात विष कालवायचा त्याचा बेत होता. शेवटच्या पानावर तो तुरुंगात, मिशी भादरलेली. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या म्हातारीनं आपलं गाठोडं लांब सरकवलं.

हसू ओसरलं तेव्हा आठवलं, मित्रानं दुसरी ट्रॉली आणलीय आणि पेंटर उद्या सकाळी येणार. गप्प बसलो तर दोन ट्रॉल्यांवर दरोडेखोर. सांगितलं तर तीस वर्षांची माझी अब्रू ओढ्यात. तिसरी गाडी पकडून गाव गाठलं.

मित्र अंगणात नव्या ट्रॉलीला रंगाचा पहिला हात देत होता. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी ग्रंथ उघडून सगळं ओकलो. मित्रानं हात पुसून पानं उलटली, तुरुंगाशी येऊन थांबला.

“मिशी काढली रं त्याची!”

“काढली.”

“मग तवा का न्हाई सांगितलंस?”

“तेव्हा मला इंग्रजी कुठं येत होतं?”

“आन वाचून दावत हुतास ते?”

मी घाईनं पान उलटून चड्डीवाला पुढं केला. मित्रानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मास्तर, ह्यो लाख चांगला असंल. पर ह्येला ट्रॉलीवर काढला तर रांगंतली मानसं मला जगू द्याची न्हाईत. मिशीवालाच ऱ्हाऊ दे. त्येला भिऊन पोरं ऊस तरी वडत न्हाईत.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो. तेवढ्यात वहिनींनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. आधी पुस्तकातल्या मिशीवाल्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या मिशीकडं, मग माझ्याकडं.

“आवं भावजी, मुलगा लय चांगला हाय म्हनून माझ्या बापाला सांगायला तुमीच आला हुतासा न्हवं?”