रिकामी खुंटी

वारा पहाटेपासून पिसाळला होता. मोठ्या तळ्याचं पाणी धक्क्यावर थपाथप आपटत होतं. शाल घट्ट लपेटून बोटमावशी बोटीत साचलेलं पाणी डब्याने उपसत होती. उद्यानात तंबू ठोकून राहणाऱ्यांना बोटी देणं हे तिचं काम. तिथले संडास-बाथरूम नवरा सांभाळायचा.

शेवटच्या कडीपाशी येऊन ती थबकली. निळी बोट जागेवर नव्हती. पलीकडच्या लव्हाळ्यात ती एकटीच हेलकावे खात होती. आत कुणीच नाही.

मावशी शेडकडे धावली. तिची रीतच होती, पाण्यावरून परतलं की लाइफ जॅकेट ज्याच्या त्याच्या खुंटीवर. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून पाण्यावर. काल बहिणीकडे जायच्या घाईत तिने आवराआवर नवऱ्यावर सोपवली होती. कोपऱ्यातली खुंटी रिकामी होती.

काल एक चष्मेवाला मागेच लागला होता, पहाटे बोट द्या म्हणून.

“उजाडल्याशिवाय नाही.”

“मावशी, मला पोहता येतं.”

“बुडतात त्या सगळ्यांना येतंच.”

तिने त्याचा तंबू गाठला. त्याच्या बायकोने डोकं बाहेर काढलं. “ते मघाशीच उठून गेले. का हो?”

मावशी तशीच मागे वळली. नवऱ्याला घेऊन बोट काढायची, एवढंच डोक्यात. धापा टाकत ती बाथरूमपाशी आली, तर बेसिनशी चष्मेवाला, तोंडभर फेस.

“आता मिळेल का बोट?”

“वाऱ्याला विचारा,” म्हणत तिने भिंतीला हात टेकला.

आत नवरा ओणवा होऊन फरशी घासत होता. गुडघ्यांखाली नारिंगी जॅकेट.

“हे काय हो?”

“गुडघे ठणकतात गं. मऊ लागतं.”

“आणि निळी बोट?”

“बांधली होती की.”

“बांधलेली बोट लव्हाळ्यात चरायला गेली? माझा जीव जायचा राहिला.”

“तुझा कशाला जाईल? तू तर काठावर होतीस.”

तिने जॅकेट ओढलं. तो कण्हत बाजूला झाला, तेव्हा त्याचे सुजलेले गुडघे दिसले. तिने अंगावरची शाल घडी करून त्याच्यापुढे टाकली. “यावर टेका. पुन्हा जॅकेटला हात लावलात तर तुम्हालाच खुंटीला टांगेन.”

जॅकेट धुऊन तिने जागेवर लावलं. उगाच एकेका खुंटीवरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा. शेवटी लव्हाळ्यातून निळी बोट ओढून आणली, दोर दोनदा आवळून बांधला आणि डबा उचलून ती पाणी उपसू लागली.